कार्ड बदललं, ड्रायव्हरचं काय?

नवं ग्राफिक्स कार्ड खोक्यातून बाहेर निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आधी जुन्या कार्डाचा ड्रायव्हर काढायचा, की सरळ कार्ड बदलायचं? त्याच्या मागोमाग दुसरा येतो, आणि खरी धास्ती त्याचीच असते. ड्रायव्हर काढला आणि स्क्रीन काळीच पडली तर?

सल्ले देणारे भरपूर भेटतात. कुणी म्हणतं काहीच करू नका, विंडोज बघून घेतं. कुणी सेफ मोडमध्ये जाऊन सगळं खरवडून काढायला सांगतं. दुकानातला मुलगा तर थेट फॉरमॅट सुचवतो. कार्ड बदलण्यासाठी फॉरमॅट करावा लागण्याची वेळ जवळपास कधीच येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बाकीच्या दोन सल्ल्यांपैकी कोणता कधी बरोबर, हे समजायला ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय आणि तो राहतो कुठे, एवढं कळावं लागतं.

संपूर्ण प्रकरणभर एकच उदाहरण घेऊ. एका संगणकात इंटेलचा आय५-१२४००एफ हा प्रोसेसर आहे आणि एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड आहे. त्या जागी एएमडीचं आरएक्स ६६०० बसवायचंय. म्हणजे कार्डही बदलणार आणि कंपनीही.

१. ड्रायव्हर नसताना चित्र दिसतं कसं?

आधी धास्ती घालवू. संगणक सुरू करताच मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह स्क्रीनवर येतं. तेव्हा विंडोज सुरूही झालेलं नसतं, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्नच नाही. तरी चित्र दिसतं, कारण प्रत्येक कार्डावरच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये स्वतःपुरता प्रोग्राम भरलेला असतो. साधं चित्र पडद्यावर पाठवण्याइतपत काम तो करतो.

विंडोज सुरू झाल्यावर त्याला कार्डाचा खास ड्रायव्हर सापडला नाही, तर ते हेच साधं चित्र पुढे चालू ठेवतं. विंडोज ८ पासून यासाठी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ नावाचा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो. त्यावर अक्षरं मोठी दिसतील, रिझोल्यूशन बदलता येणार नाही, खिडकी सरकवली तर ती अडखळत सरकेल. पण माउस चालेल, ब्राउझर उघडेल आणि नवा ड्रायव्हर उतरवून घेता येईल. ड्रायव्हर काढल्यावर स्क्रीन काही क्षण काळी होऊन परत येते, तेवढ्यात घाबरून बटण दाबून संगणक बंद करू नका.

२. ड्रायव्हर म्हणजे एक फाइल नव्हे

‘ड्रायव्हर टाकला’ असं आपण एकवचनात म्हणतो. प्रत्यक्षात त्या एका इन्स्टॉलरमधून तीन वेगवेगळ्या थरांचं सामान संगणकात उतरतं.

सर्वात खालचा थर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये काम करतो. कार्डाची मेमरी कुणाला किती द्यायची, कोणत्या प्रोग्रामचं काम आधी घ्यायचं, वीज कधी कमी करायची हे तो बघतो. हा थर बिघडला तर निळी स्क्रीन येते.

मधला थर प्रत्येक प्रोग्रामच्या आत शिरून काम करतो. गेम किंवा व्हिडिओ एडिटर डायरेक्टएक्स, व्हल्कन किंवा ओपनजीएल अशा ठरलेल्या पद्धतीने चित्र मागतो आणि हा थर ती मागणी त्या विशिष्ट चिपला कळणाऱ्या आज्ञांमध्ये उतरवतो. हा बिघडला तर सहसा तो एकच प्रोग्राम बंद पडतो, संगणक चालू राहतो.

वरच्या थरात बाकीचा लवाजमा: सेटिंगचं पॅनेल, मागे चालणाऱ्या सर्व्हिस, एचडीएमआयमधून आवाज पाठवणारा वेगळा ऑडिओ ड्रायव्हर, खेळताना कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दाखवणारा ओव्हरले, आपोआप अपडेट शोधणारं काम. जुन्या ड्रायव्हरच्या नावाने ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या वरच्या थरातून निघतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

३. विंडोज कार्डाला ओळखतं कसं?

स्लॉटमध्ये बसणाऱ्या प्रत्येक कार्डात दोन क्रमांक नोंदलेले असतात. एक कंपनीचा, दुसरा मॉडेलचा. एनव्हीडियाचा कंपनी क्रमांक १०डीई, एएमडीचा १००२ आणि इंटेलचा ८०८६. (इंटेलने १९७८ मध्ये आणलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचंच हे नाव.) जीटीएक्स १०५० टीआयचा मॉडेल क्रमांक १सी८२ आहे, तर आरएक्स ६६०० ज्या चिपवर बनलंय तिचा ७३एफएफ.

प्रत्येक ड्रायव्हरसोबत एक यादी येते: मी या या क्रमांकांसाठी आहे. संगणक सुरू होताना विंडोज कार्डाचे क्रमांक वाचतं, ते ज्या यादीत सापडतील तो ड्रायव्हर चढवतं. क्रमांक जुळले नाहीत तर त्या ड्रायव्हरचा कर्नलमधला थर त्या कार्डासाठी चढतच नाही.

म्हणजे आपल्या उदाहरणात १०५० टीआय काढून ६६०० बसवलं आणि बाकी काहीच केलं नाही, तरी एनव्हीडियाचा ड्रायव्हर एएमडीच्या कार्डावर स्वार होणार नाही. त्याच्या यादीत ७३एफएफ नाहीच. ‘जुना ड्रायव्हर नव्या कार्डावर चालून कार्ड जळतं’ ही समजूत इथेच निकालात निघते.

याच क्रमांकांमुळे जुन्या कार्डांच्या बाजारातली एक फसवणूकही चालते. फार जुन्या, स्वस्त चिपच्या कार्डावरचा प्रोग्राम बदलून ते स्वतःला १०५० टीआय म्हणवेल अशी व्यवस्था केली जाते. विंडोज त्या नावावर विश्वास ठेवतं, ड्रायव्हर चढवतं आणि आतली चिप वेगळी निघाल्यामुळे सगळं कोसळतं. माणूस दहा वेळा ड्रायव्हर काढतो-घालतो, पण दोष ड्रायव्हरचा नसतोच. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम अशी बनावट एनव्हीडिया कार्डं ओळखून नावाआधी तसा शिक्का दाखवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन, वापरलेलं कार्ड असेल तर पैसे देण्याआधी ते चालू संगणकात बसवून जीपीयू-झेडची खिडकी बघायला मागा.

४. मग जुना काढायचा तरी कशाला?

भाड्याच्या घरातून जुना भाडेकरू सामान घेऊन गेला, तरी वीजबिल त्याच्या नावावर येत राहतं, सोसायटीच्या वहीत त्याचंच नाव असतं, दारातल्या पाटीवरही. नवा माणूस राहायला आला तरी पार्सलवाला जुन्या नावाने बेल वाजवतो. घराचं काही बिघडत नाही, पण अधूनमधून घोळ होतो. कार्ड काढून घेतल्यावर विंडोजमध्ये नेमकं हेच उरतं.

वीजबिलाच्या जागी मागे चालणाऱ्या सर्व्हिस असतात. कार्ड नसलं तरी त्या संगणकासोबत सुरू होतात, थोडी मेमरी खातात. सोसायटीच्या वहीच्या जागी विंडोजची रजिस्ट्री. व्हल्कन आणि ओपनसीएल वापरणारे प्रोग्राम सुरू होताना या वहीत बघतात की इथे कोणकोणत्या कंपनीचे ड्रायव्हर नोंदलेले आहेत. तिथे एनव्हीडियाची नोंद अजून असेल, तर प्रोग्राम ती फाइल उघडून बघतो, कार्ड सापडत नाही. नीट लिहिलेला प्रोग्राम गुपचूप पुढे जातो. नीट न लिहिलेला तिथेच अडकतो किंवा बंद पडतो. ओव्हरलेही व्हल्कनच्या मध्ये स्वतःचा पडदा घुसवण्याची नोंद करून ठेवतात, तीही मागे राहू शकते.

आणखी एक जागा आहे, ड्रायव्हर स्टोअर. विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमधली ही कोठी व्हिस्टापासून आहे. आलेल्या प्रत्येक ड्रायव्हर पॅकेजची एक प्रत तिथे ठेवली जाते, म्हणजे कार्ड पुन्हा लावलं तर इंटरनेट नसलं तरी ते ओळखता येतं. ग्राफिक्सची पॅकेजं भलीमोठी असतात आणि वर्षानुवर्षं अपडेट केलेल्या संगणकात त्यांच्या अनेक आवृत्त्या साचतात. जागा जाते, वेग मात्र कमी होत नाही. ‘कोठी भरली म्हणून पीसी स्लो झाला’ हे म्हणणं चूक आहे.

तर निकाल असा. कंपनी तीच असेल आणि दोन्ही कार्डं एकाच ड्रायव्हरच्या यादीत असतील, तर जुना काढायची गरज नाही. कार्ड बदला, ताजा ड्रायव्हर वरून बसवा, झालं. कंपनी बदलत असेल तर काढा, आणि जुनं कार्ड जागेवर असतानाच काढा. जुन्या कंपनीचा अनइन्स्टॉलर आपलं कार्ड समोर असताना सर्वात नीट काम करतो.

कंपनी तीच, पण पिढी फार जुनी, अशी एक मधली गत आहे. आपल्याकडे कार्यालयांमध्ये दुसरा मॉनिटर लावण्यासाठी जीटी ७१० हे छोटं कार्ड सर्रास दिसतं. ते केपलर पिढीतलं आहे, आणि केपलरला चालणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका म्हणजे ४७०. २०२१ मध्ये पुढच्या मालिकांच्या यादीतून ते वगळलं गेलं. आता त्याच संगणकात आरटीएक्स ४०६० लावून, जीटी ७१०ही राहू द्यावं असं वाटलं, तर ते जमायचं नाही. ४०६०ला नवा ड्रायव्हर हवा, तो ७१०ला ओळखत नाही. दोन्ही मॉनिटर ४०६०लाच जोडा आणि ७१० काढून ठेवा.

५. ही भीती आली कुठून?

जुना ड्रायव्हर समूळ उपटला पाहिजे, हा आग्रह निराधार नव्हता. विंडोज व्हिस्टासोबत मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना मुळापासून बदलली. वर सांगितलेली खालच्या आणि मधल्या थराची काटेकोर विभागणी तेव्हाची. सगळ्या कंपन्यांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले, आणि पहिली आवृत्ती कच्ची निघाली. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, त्यांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या नोंदवलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हीडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होते. शिवाय व्हिस्टात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नव्या पद्धतीचे ड्रायव्हर एकत्र चालवायची सोयच नव्हती. ती विंडोज ७ मध्ये आली.

त्या काळात ज्यांनी संगणक दुरुस्त केले, त्यांनी पुढच्यांना ‘सगळं साफ करूनच घ्या’ हे शिकवलं. तो सल्ला तेव्हा योग्यच होता. पण त्याच नव्या रचनेने एक चांगली गोष्टही दिली: कार्ड दोन सेकंद प्रतिसाद देईना, तर विंडोज सगळा संगणक न पाडता फक्त ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. स्क्रीन लुकलुकते आणि काम पुढे चालतं. आजचे ड्रायव्हर तेव्हाच्या मानाने फार सुधारले आहेत, आणि आज बहुतेक संगणकांना खरवडण्याची गरज पडत नाही.

६. विजेचा हिशेब

ड्रायव्हरच्या चिंतेत लोक एसएमपीएस विसरतात, म्हणून हा हिशेब मध्येच करून टाकू. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनांची वेगळी केबल आणखी ७५, आठ पिनांची १५०. १०५० टीआयला ७५ वॅट पुरतात, म्हणून त्याच्या बऱ्याच मॉडेलना केबल लागतच नाही. आरएक्स ६६०० मात्र १३२ वॅटचं आहे. सगळेच्या सगळे ७५ स्लॉटमधून घेतले तरी ५७ उरतात, म्हणून त्याला वेगळी केबल हवीच, आणि या कार्डावर ती आठ पिनांची असते.

आता बेरीज. कार्ड १३२, प्रोसेसर पूर्ण जोरात ११७, मदरबोर्ड-रॅम-डिस्क-पंखे मिळून ६० धरू. एकूण ३०९. एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते, ते या हिशेबाशी जुळतं. मात्र ४५० हा आकडा नावाजलेल्या एसएमपीएसचा असावा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावरच्या आकड्यावर मी कधीच विसंबणार नाही.

दोन गोष्टींत खरोखर नुकसान होतं. प्रोसेसरसाठीचीही केबल आठ पिनांची असते, पण तिची जुळणी उलटी असते. ती कार्डात बळजबरीने घालू नका. आणि केबल सुट्या निघणाऱ्या एसएमपीएसमध्ये दुसऱ्या एसएमपीएसच्या केबल वापरू नका. टोकं सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते. जोरात काम करताना संगणक एकदम बंद पडत असेल, तर ड्रायव्हरच्या आधी एसएमपीएसवर संशय घ्या.

७. प्रत्यक्ष बदल

नव्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल, तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून बघून कागदावर लिहून ठेवा. कार्ड बदलल्यावर किंवा सेफ मोडमध्ये जाताना विंडोज ती मागू शकतं, आणि तेव्हा ती बघायला दुसरा संगणक शोधावा लागतो.

मग इंटरनेट बंद करा. हे वगळलं तर ड्रायव्हर काढताच विंडोज अपडेट त्याच्या मनाने दुसरा आणून बसवतं आणि तुमची साफसफाई वाया जाते. सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून एनव्हीडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर आणि सोबतची नावं काढा. संगणक पूर्ण बंद करा, मागचं बटण बंद, केबल काढा, आणि समोरचं पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या.

कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. कार्डाचे मागचे स्क्रू सोडवा. स्लॉटच्या टोकाला एक छोटा खटका असतो, तो दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका, नाहीतर स्लॉट तुटतो. नवं कार्ड त्याच वरच्या लांब स्लॉटमध्ये, खटक्याचा आवाज येईपर्यंत बसवा. मग केबल लावा.

मॉनिटरची वायर नव्या कार्डातच घाला, मदरबोर्डवरच्या जागेत नको. आपल्या उदाहरणातल्या प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून मदरबोर्डच्या जागेतून काहीच दिसणार नाही. ‘नवं कार्ड डेड निघालं’ अशा कितीतरी तक्रारींचं मूळ या वायरीत असतं.

संगणक सुरू झाला की मोठी अक्षरं दिसतील, तो मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर. आता एएमडीचा इन्स्टॉलर चालवा, एकदा रीस्टार्ट करा आणि इंटरनेट जोडा.

८. डीडीयू कधी वापरायचं?

डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हा मोफत प्रोग्राम फाइल, सर्व्हिस, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि कोठीतली पॅकेजं शोधून काढतो. तो सेफ मोडमध्ये चालवायचा असतो, कारण तिथे ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर चढलेला नसतो, त्यामुळे त्याच्या फाइल वापरात अडकलेल्या नसतात. सेफ मोडसाठी शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूटमधून स्टार्टअप सेटिंगपर्यंत जा आणि ४ दाबा. तिथे लॉगिनसाठी पिन चालेलच असं नाही, पासवर्ड माहीत असू द्या.

पण हे पहिलं पाऊल नको. आधी नव्या ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरमधलाच पर्याय वापरा. एनव्हीडियात ‘क्लीन इन्स्टॉलेशन’, एएमडीत ‘फॅक्टरी रीसेट’. इन्स्टॉलर मध्येच अडकत असेल, कार्ड आधीच काढून टाकल्याने जुनं काही उरलं असेल, किंवा एखादा प्रोग्राम अजून जुन्याच कार्डाचं नाव घेत असेल, तर डीडीयू वापरा. दर महिन्याच्या अपडेटला ते चालवणारे लोक आहेत, त्यातून त्यांच्या सेटिंग पुसण्यापलीकडे काही मिळत नाही.

९. लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

एएमडीचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो, त्यामुळे एनव्हीडियाकडून एएमडीकडे जाताना नवीन काही बसवावं लागत नाही. अडतं ते जुन्या सेटिंगवर. एनव्हीडियाच्या साधनाने बनवलेली एक्स-ऑर्गची सेटिंग फाइल राहिली, तर ती नसलेल्या कार्डाचाच आग्रह धरते आणि लॉगिनचा पडदा येत नाही. ती फाइल बाजूला हलवा. उलट दिशेने, एनव्हीडियाकडे जाताना, सिक्युअर बूट चालू असेल तर त्यांच्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर सही लागते. डिस्ट्रोच्या सूचना तिथे नीट वाचा.

१०. नीट बसलं हे कसं ओळखायचं?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरखाली नव्या कार्डाचं नाव हवं, शेजारी पिवळं चिन्ह नको. ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणं दाखवली की जुनं कार्ड फिकट अक्षरांत दिसेल. ती फक्त आठवण आहे, हवी तर तिथूनच काढा. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये तो परत ६०वर गेला नाही ना, हे बघा. हे फार जणांच्या लक्षात येत नाही आणि महिनोन्‌महिने नव्या कार्डावर जुन्याच वेगाने काम होत राहतं.

पहिल्या दिवशी गेम अडखळला तर लगेच डीडीयूकडे धावू नका. प्रत्येक कार्डासाठी शेडर नावाचे छोटे प्रोग्राम नव्याने तयार होऊन साठवले जातात. ते साठेपर्यंत अडखळणं स्वाभाविक आहे.

आणि जुनं कार्ड लगेच विकू नका, दोन-तीन आठवडे ठेवा. नव्या कार्डावर काही खटकलं तर जुनं परत लावून बघता येतं. जुन्यावरही तोच त्रास झाला, तर दोष नव्या कार्डात शोधू नका. तो रॅममध्ये, एसएमपीएसमध्ये किंवा विंडोजमध्ये असण्याची शक्यता जास्त. जुन्यावर सगळं सुरळीत चाललं आणि स्वच्छ ड्रायव्हर घालूनही नवं कार्ड पडतच राहिलं, तर आणखी प्रयोग करू नका. बिल आणि खोकं घेऊन वॉरंटीची मुदत असेपर्यंत दुकान गाठा.